अब्रूचा दावा आणि बचावाच्या वाटा

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी लेखी स्वरूपात)



समितीने मला ‘सोसायटीचा कायदा’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. सोसायटीचा कायदा म्हणजे उपविधी, आणि उपविधींवर तासभर बोललो तर चहा येण्याआधीच गणपूर्ती संपेल. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतला. आज मी अब्रुनुकसानीच्या दाव्यांबद्दल बोलणार आहे. त्यातही दावा कसा लावावा यापेक्षा, आपल्यावर दावा झाला तर कायद्याने बचावाच्या कोणत्या वाटा ठेवल्या आहेत, हे सांगणार आहे.

हा विषय सोसायटीच्या स्मरणिकेत कशाला, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. वकिलांकडे हल्ली एक नवा कागद वारंवार येतो. एका सभासदाने दुसऱ्या सभासदाला वकिलामार्फत पाठवलेली नोटीस. मजकूर ठरलेला असतो. ‘आपण अमुक दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या अशिलाविषयी अमुक लिहिलेत. सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा एक कोटी रुपयांचा दावा व फौजदारी कारवाई.’ एक कोटीचा आकडा वाचून घरातली माणसं रात्रभर झोपत नाहीत. ज्याने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशेब विचारला होता तो माफी मागून मोकळा होतो. पुढच्या वार्षिक सभेत हिशेबाच्या विषयावर कोणीच हात वर करत नाही. नुकसान कोणाचं? सगळ्या इमारतीचं.

पण याला दुसरी बाजूही आहे. सेक्रेटरी म्हणजे ऑफिस सांभाळून, पगार न घेता, रात्री अकरा वाजता पाण्याच्या पंपाजवळ उभा राहणारा माणूस. त्याला कोणीतरी एका ओळीत ‘चोर’ लिहून टाकतो आणि ऐंशी घरांत ते वाचलं जातं. त्याच्या मुलीला खाली खेळताना दुसरी मुलं तेच ऐकवतात. त्याची अब्रू ही काही कमी किमतीची वस्तू नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी हा विषय समजून घेऊ या.

अब्रुनुकसानी म्हणजे काय

कायद्याच्या भाषेतली व्याख्या लांबलचक आहे. सोपं करून सांगायचं तर तीन गोष्टी लागतात. एक, एखाद्याच्या नावलौकिकाला धक्का लावणारं विधान. दोन, ते विधान कोणाबद्दल आहे हे ओळखू येणं. नाव घेतलंच पाहिजे असं नाही. ‘तिसऱ्या मजल्यावरचे, लाल गाडीवाले’ एवढं लिहिलं तरी पुरे. तीन, ते विधान तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचणं. बंद पाकिटात तुम्ही मला काहीही लिहून पाठवा, ते फक्त मी वाचलं तर अब्रुनुकसानी होत नाही. तेच पोस्टकार्डावर लिहिलंत तर पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत सगळे वाचतात. आजचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे ऐंशी घरांत एकाच क्षणी पडलेलं पोस्टकार्ड आहे, हे लक्षात ठेवा.

नुसतं मन दुखावणं म्हणजे अब्रुनुकसानी नव्हे. पार्किंगवरून भांडताना कोणी ‘मूर्ख’ म्हणाला तर राग येतो, अपमान होतो. पण ऐकणाऱ्याच्या नजरेतली तुमची पत त्याने सहसा उतरत नाही. ‘यांनी सिंकिंग फंडाचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवले’ म्हटलं की उतरते. फरक तिथे आहे.

दोन रस्ते आहेत. दिवाणी रस्त्यावर नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागता येतो. जितकी रक्कम मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतले कोटी दाव्यात येईपर्यंत बरेचदा लाखांवर येतात. छापील किंवा लेखी मजकुराबद्दलचा दावा तो प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारी रस्ता पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे. गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. म्हणजे ‘उद्या पोलीस येऊन उचलून नेतील’ ही धमकी पोकळ आहे. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करायची असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

बदनामी हा फौजदारी गुन्हा असावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात न्यायालयाने ही कलमं घटनेला धरून आहेत असा निर्णय दिला. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यामागचं सूत्र. तेव्हा कायदा आहे आणि राहणार आहे. आता त्यातल्या वाटा पाहू.

पहिली वाट: सत्य

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भक्कम बचाव म्हणजे ‘मी लिहिलं ते खरं आहे’. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारी खटल्यात कायदा एक पायरी जास्त चढायला सांगतो. विधान खरं हवं आणि ते सांगणं लोकहिताचं हवं. शेजाऱ्याच्या घरातली खासगी गोष्ट खरी असली तरी ती ग्रुपवर टाकण्यात कोणतं लोकहित आहे, असा प्रश्न मॅजिस्ट्रेट विचारणारच.

या बचावाचं आपल्या मुंबईतलं सर्वांत मोठं उदाहरण १८६२ सालचं आहे. करसनदास मुळजी हे गुजराती सुधारक ‘सत्यप्रकाश’ नावाचं पत्र चालवत. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी वल्लभ संप्रदायातल्या काही महाराजांच्या वर्तनावर, विशेषतः भक्तांच्या घरच्या स्त्रियांशी होणाऱ्या व्यवहारावर, नाव घेऊन लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा ठोकला. त्या काळचे पन्नास हजार! दाव्यात करसनदासांबरोबर छापखानावालेही प्रतिवादी होते.

पुढे काय झालं ते आपल्यासारख्या सोसायटीत राहणाऱ्या माणसांनी नीट ऐकण्यासारखं आहे. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया समाजातल्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवली. त्याबद्दल त्यांच्यावरच खटला होऊन त्यांना दंड झाला. मुख्य दाव्याची सुनावणी २५ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुरू झाली. हायकोर्ट त्याच वर्षी नंतर आलं. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, पाद्री जॉन विल्सन होते. भाऊ दाजींनी डॉक्टर म्हणून जे पाहिलं होतं ते शपथेवर सांगितलं. २२ एप्रिलला निकाल लागला. न्यायमूर्ती सॉसे आणि आर्नोल्ड यांनी लेखातल्या आरोपांचं सत्य सिद्ध झालं असं मानलं. करसनदास सुटले आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भाग महाराजांवर बसला.

ते कशामुळे जिंकले? लेखाची भाषा सणसणीत होती म्हणून नव्हे. समाजाचा दबाव झुगारून माणसं कोर्टात उभी राहिली म्हणून. सत्य हा बचाव कागदावर सोपा दिसतो. कोर्टात तो साक्षीदारांच्या पायांवर उभा असतो. आपल्याकडे काय होतं? जिन्यात सगळे म्हणतात, ‘बरोबर बोललात हो, आम्ही तुमच्या मागे आहोत.’ कोर्टाची तारीख आली की मागे वळून बघावं तर कोणी नसतं!

त्याच बचावाची दुसरी बाजू

आता वीस वर्षं पुढे चला. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. लवकरच त्यांत कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींविषयी मजकूर आला. चौथे शिवाजी महाराज यांना वेडं ठरवून छळलं जात आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप होता. आधार होता काही पत्रांचा, जी बर्व्यांची म्हणून दाखवली गेली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, पण खटला मागे घेतला गेला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना डोंगरीच्या तुरुंगात ठेवलं गेलं. थोडी सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. त्यावर आगरकरांनी लिहिलेलं पुस्तक पुष्कळांना ठाऊक असेल. त्या प्रकरणात जामिनाची सोय महात्मा फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून करवून दिली होती. विचारांचे मतभेद एका बाजूला आणि अडचणीच्या वेळची मदत दुसऱ्या बाजूला, हेही त्यातून शिकण्यासारखं आहे.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये ते तरुण महाराज अहमदनगरला एका इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. म्हणजे त्यांच्या देखभालीबद्दल लोकांना वाटणारी काळजी अगदीच अनाठायी नव्हती. पण काळजी खरी असणं वेगळं आणि अमुक माणसावर ठेवलेला आरोप पुराव्याने सिद्ध होणं वेगळं. हेतू शुद्ध, लेखणी तेजस्वी, माणसं देशभक्त. तरीही कागद खोटा निघाला आणि तुरुंग चुकला नाही. टिळक-आगरकरांची जिथे ही गत झाली, तिथे ‘मला खात्रीलायक सूत्रांकडून कळलं’ म्हणणाऱ्या आपल्या ग्रुपवरच्या मंडळींनी एकदा थांबून विचार करायला हरकत नाही. कोटेशनचा फोटो कोणी पाठवला? मूळ प्रत कुठे आहे? त्यावर सही आहे का? लिहिण्याआधी हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी वाट: मत

घटना आणि मत या दोन गोष्टी कायदा वेगळ्या मानतो. ‘तीन कोटेशन न मागवता काम दिलं’ ही घटना आहे, ती खरी हवी. ‘समितीचा हा निर्णय मला बेजबाबदार वाटतो’ हे मत आहे. सार्वजनिक हिताच्या विषयावर, खऱ्या घटनांच्या आधारावर, प्रामाणिकपणे दिलेलं मत कितीही कडक असलं तरी त्याला संरक्षण आहे. फौजदारी कायद्यात दहा अपवाद दिले आहेत. सार्वजनिक सेवकाचं कामकाज, सार्वजनिक प्रश्नावरचं कोणाचंही वर्तन, कोर्टाने निकाल दिलेला खटला, पुस्तक-नाटक-भाषणासारख्या लोकांसमोर ठेवलेल्या कृती, या सगळ्यांवर सद्भावनेने मत देता येतं. माझ्या या भाषणावरही! ‘वकीलसाहेबांचं भाषण कंटाळवाणं होतं’ असं कोणी ग्रुपवर लिहिलं तर माझा दावा पहिल्या तारखेलाच पडेल. ‘वकीलसाहेबांनी मानधन घेऊन पावती दिली नाही’ असं लिहिलं तर मात्र विषय वेगळा. (मानधन मिळालेलं नाही, हे खजिनदारांनी नोंद करून घ्यावं.)

सरकारी अधिकाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार या निकालात आणखी मोकळीक दिली आहे. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचा मजकूर चुकला तरी भरपाईचा दावा सहज टिकत नाही. तो खऱ्या-खोट्याची पर्वा न करता छापला हे दाखवावं लागतं. आणि सरकार, नगरपालिका अशा संस्थांना तर स्वतःच्या बदनामीचा भरपाईचा दावा लावताच येत नाही.

तिसरी वाट: योग्य जागी, योग्य माणसाला सांगणं

ही वाट आपल्या सर्वांत उपयोगाची आहे आणि सर्वांत कमी माहीत आहे. काही जागा अशा आहेत जिथे बोललेल्या शब्दावर दावा चालतच नाही, उदाहरणार्थ संसद आणि विधिमंडळाचं सभागृह. काही जागा अशा आहेत जिथे मर्यादित संरक्षण आहे. सांगणाऱ्याचं सांगण्याचं कर्तव्य किंवा हितसंबंध हवा, आणि ऐकणाऱ्याचा ऐकण्यात हितसंबंध हवा. मनात आकस असल्याचं सिद्ध झालं की हे संरक्षण जातं.

फौजदारी कायद्याचे आठवा, नववा आणि दहावा अपवाद हेच सांगतात. ज्याला चौकशीचा कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान, आणि कोणाच्या भल्यासाठी दिलेली सावधगिरीची सूचना.

आता हे आपल्या इमारतीत आणू या. समजा, तुम्हाला दुरुस्ती निधीच्या हिशेबात गडबड वाटते.

तुम्ही समितीला लेखी पत्र दिलंत, कागदपत्रं पाहायची मागणी केलीत: ती मागणी हा सहकार कायद्याने दिलेला सभासदाचा हक्क आहे, त्यात बदनामी नाही. वार्षिक सभेत हिशेबाच्या विषयावर प्रश्न विचारलात: ऐकणारे सगळे सभासद, सगळ्यांचे पैसे, हितसंबंध स्पष्ट. उपनिबंधकांकडे कागद जोडून तक्रार केलीत: आठवा अपवाद. हीच तक्रार तुम्ही झेरॉक्स काढून समोरच्या चहाच्या टपरीवर, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर आणि सेक्रेटरींच्या ऑफिसात त्यांच्या साहेबांना पाठवलीत: संरक्षण गेलं. शब्द तेच, कागद तोच. फक्त ज्याचा संबंध नाही त्याच्या हातात गेला.

समितीलाही हेच लागू. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं आणि अचूक रकमा अहवालात सभासदांपुढे ठेवणं एक गोष्ट. ‘बुडव्यांची यादी’ असं शीर्षक देऊन ती रस्त्यावरच्या गेटला लावणं ही दुसरी. रक्कम वादात असेल, प्रकरण निबंधकांकडे चालू असेल, तर तेही त्याच ओळीत लिहायला हवं. कामवाल्या बाईंवर किंवा वॉचमनवर चोरीचा संशय ग्रुपवर टाकताना तर आपण कोणीच विचार करत नाही. अब्रू फक्त फ्लॅटमालकालाच असते असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यांना वकील परवडत नाही म्हणून आपल्याला नोटीस येत नाही, एवढंच. एखादी बाई त्या एका ओळीमुळे चार घरची कामं गमावते, तिचं नुकसान कोणी मोजत नाही.

‘सद्भावना’ हा शब्द मी अनेकदा वापरला. कायद्यात त्याचा अर्थ ‘माझं मन साफ होतं’ एवढाच नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही. म्हणजे चौकशी करून, खातरजमा करून बोललं पाहिजे. मात्र एक दिलासा आहे. अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असली तरी तक्रारदाराला जसं निःसंशय सिद्ध करावं लागतं तसं आरोपीला करावं लागत नाही. शक्यतेचा काटा त्याच्या बाजूला झुकला तरी पुरतं. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हरभजनसिंग खटल्यात नवव्या अपवादाबद्दलच सांगितलं आहे.

अलीकडचं एक उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे, विशेषतः आपल्या मुलींसाठी. २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी ज्येष्ठ संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला. अकबर यांनी तो नाकारला आणि फौजदारी अब्रुनुकसानीची तक्रार केली. रमाणी यांनी माफी मागितली नाही; सत्य आणि लोकहित हा बचाव घेऊन त्या उभ्या राहिल्या. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. कोणाच्या प्रतिष्ठेचं रक्षण स्त्रीच्या सन्मानाची किंमत देऊन करता येणार नाही, आणि बाईला आपली तक्रार कितीही वर्षांनी मांडता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यावर पुढे अपील झालं आहे. पण अब्रुनुकसानीच्या तक्रारीने प्रत्येक बाई गप्प बसेल, हा समज त्या दिवशी मोडला.

‘मी फक्त फॉरवर्ड केलं’

हा बचाव नाही. करसनदासांच्या दाव्यात छापखानावाले कोर्टात उभे होते ते याचमुळे. मजकूर पुढे पोहोचवणारा हाही तो प्रसिद्ध करणाराच. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर महिला पत्रकारांविषयीचा अपमानास्पद मजकूर पुढे पाठवणाऱ्या एका नावाजलेल्या व्यक्तीचं प्रकरण आलं होतं. ‘न वाचता फॉरवर्ड केलं’ या सबबीवर खटला रद्द करायला न्यायालयाने नकार दिला. ग्रुप ॲडमिनना मात्र थोडा श्वास घेता येईल. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

नोटीस आली तर

पहिलं, घाबरू नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. दुसरं, दुर्लक्ष करू नका. वकिलामार्फत मोजकं उत्तर द्या. तिसरं, ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकून चर्चा सुरू करू नका, तो नव्या दाव्याचा कच्चा माल होतो. चौथं, मजकूर डिलीट करून पुरावा संपवू नका. तुमचं वाक्य ज्या संवादात आलं तो संपूर्ण संवाद, तारखांसकट, जपून ठेवा. कोर्टात तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पाचवं, दाव्याचं समन्स मिळालं की तीस दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कोर्ट ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. सत्य, मत, हितसंबंध यांपैकी कोणता बचाव घेणार ते त्यात स्पष्ट लिहावं लागतं. नंतर आठवलं म्हणून चालत नाही.

सहावं, प्रामाणिकपणे विचार करा. विधान खोटं होतं असं कळलं तर जिथे लिहिलं तिथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती करा. माफीने दिवाणी दाव्यातली भरपाई कमी होऊ शकते आणि फौजदारी प्रकरण तक्रारदाराच्या संमतीने मिटवता येतं. पण विधान खरं असेल, कागद हातात असतील, तर केवळ आकड्याला घाबरून माफी मागू नका. खऱ्या गोष्टीची माफी मागितली की ती गोष्ट पुढच्या पंचवीस वर्षांसाठी खोटी ठरते.

आणि दावा लावणाऱ्यांसाठी

शेवटी वादीच्या खुर्चीकडे वळतो. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक लिहून त्यात टिळकांवर गंभीर आरोप केले. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१८ मध्ये स्वतः तिकडे गेले. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन होते. उलटतपासणीत त्यांनी ‘केसरी’तले जुने लेख आणि राजद्रोहाच्या शिक्षा काढून ज्युरीपुढे मांडल्या. फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरला. खर्चाचा डोंगर झाला आणि लोकांना वर्गणी काढून तो हलका करावा लागला. परकी ज्युरी, परका देश, हे सगळं खरं. तरीही प्रत्येक वादीने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अब्रूचा दावा लावला की पिंजऱ्यात पहिल्यांदा आपली अब्रूच उभी राहते. समोरचा वकील वीस वर्षांचे कागद काढतो. जी गोष्ट ऐंशी घरांत होती ती कोर्टाच्या कागदावर कायमची चढते.

म्हणून दावा लावायच्या आधी एकदा दार वाजवून पाहा. हिशेब विचारणाऱ्याला वही उघडून दाखवा. पुष्कळ वेळा माणसाला कागद पाहायचा असतो, आणि तो मिळाला नाही म्हणून तो ग्रुपवर लिहितो. ज्या सोसायटीत इतिवृत्त वेळेवर मिळतं, लेखापरीक्षकांचा अहवाल सभासदांना वाचायला मिळतो, तिथे अब्रुनुकसानीच्या वकिलांचा धंदा बसतो. आमचा धंदा बसला तरी चालेल, मी खरंच सांगतो.

आपल्या सोसायटीने पंचवीस वर्षांत गळकी गच्ची, टँकरचे उन्हाळे, लिफ्टची वर्गणी, सगळं पाहिलं. त्या प्रत्येक वेळी कोणीतरी सभेत उठून न आवडणारा प्रश्न विचारला होता, आणि कोणीतरी रात्री जागून काम केलं होतं. दोघंही आपलेच. पहिल्याचा बोलायचा हक्क आणि दुसऱ्याची अब्रू, दोन्ही जपली तरच पुढची पंचवीस वर्षं नीट जातील. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत या विषयावर भाषण ठेवायची वेळ येऊ नये, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपल्या रौप्यमहोत्सवाला मनापासून शुभेच्छा देतो.

चहा थंड होतोय.